दुपेडी दोरी आणि ठकूचा ढोल

मंडळी, ऐका! घरात चोर शिरला, तर आरोळी ठोकणारा शहाणा, की मूग गिळून बसणारा? — आरोळी ठोकणारा? बरं! मग ती आरोळी थांबवायची कुणी? तेच सांगतो!

कथा लांबची नाही. हे आपले पेटीवाले दामूअण्णा — लाजू नका, अण्णा! — परवा तापानं फणफणले होते ना, त्यांच्या घशातली! तिथं पेशींची वस्ती, भिंतीला भिंत लागून. त्यातली एक पेशी, तिला म्हणू गोजरा. शेजारी तिची जुळी बहीण, ठकू.

गोजराच्या घरात शिरला विषाणू! गडी कसा? — ना घर, ना चूल! थेट स्वयंपाकघरात. म्हणतो, "बाई, चूल पेटव! माझ्या लेकरांचं लटांबर तुझ्या चुलीवर पोस!"

गोजरा बघते तो त्याच्यापाशी दोरी — दुपेडी! पेशीच्या स्वयंपाकघरात निरोपाची दोरी — शास्त्रवाले जिला आरएनए म्हणतात — असते एकपेडी. तिनं ओळखलं, हा आपल्यातला नव्हे!

"मुकाट्यानं रांध, नाहीतर मरशील!"

"मरेन की! पण माझ्या चुलीवर तुझी भाकरी भाजायची नाही!"

आणि मंडळी, तिनं आपल्याच चुलीवर घागर ओतली! स्वतः उपाशी, पण चोरही उपाशी! मरता मरता ओरडली, "ठके, दार लाव गं!"

ठकूनं दार लावलं. रडत रडत ढोल बडवला. घरोघर दारं लागली, रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज धावली. अण्णांना ताप चढला तो हाच! विषाणू मेला.

संपलं? कुठलं! फौज चेकाळली, घरंच पेटवायला निघाली. "ढोल वाजतोय तोवर आम्ही जाळणार!"

ठकूचं मन म्हणे, वाजव! बहीण मारलीय माझी! तो राग काय खोटा होता? पण गोजरा मेली, ती वस्ती जगावी म्हणून. ठकूनं टिपरू फेकलं, फौजेला आडवी झाली. "ढोल माझा! मी वाजवला, मीच थांबवते! बहिणीनं जीव देऊन राखलेली वस्ती तुम्हाला जाळू देणार नाही. व्हा चालते!"

फौज परतली. ताप उतरला. म्हणून तर आज ही पेटी वाजतेय!

हसताय काय, मंडळी? चोर आला की तोंडात मूग, आणि गेला की जन्मभर ढोल — हीच ना आपली तऱ्हा? आणि अण्णा, तुम्ही! धाकट्या भावानं तुम्हाला फसवलं, खरंय. तेव्हा ओरडलात, झकास केलंत! पण तो माफी मागून गेला, तरी तुमचा ढोल चालूच! तो बघा, मागच्या खांबाशी बसलाय. तुमच्या घशाला जे कळलं, ते तुम्हाला कधी कळणार? थांबवा ती पेटी. उठा, अण्णा! आम्ही थांबतो.