विचारल्याशिवाय नेलेली बेडकी

मी, खुशालराव नत्थुजी बोचे, वय ६३ वर्षे, व्यवसाय शेती (सेवानिवृत्त शिक्षक), रा. मौजे पिंपळदरा, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला, समक्ष हजर राहून सांगतो की, काल दि. ६/८/२०१३ रोजी सायंकाळी मी फाट्यावरील गॅरेजवाला बद्रुद्दीन याच्याविरुद्ध गाडीचोरीची तक्रार दिली. ती रागाच्या भरात दिली. खरी हकीकत पुढीलप्रमाणे.

माझ्या दोन गाड्या आहेत. एक फ्रेंच बनावटीची सिट्रोएन, वडिलांनी १९६१ साली पाँडिचेरीच्या एका फ्रेंच इंजिनिअरकडून घेतलेली. गावात तिला बेडकी म्हणतात. दुसरी तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, पांढरी, एसीची. बेडकी विकायची म्हणून मी ती बद्रुद्दीनच्या शेडमध्ये ठेवली. तो म्हणाला, "गुरुजी, इकू नका. चिखलात हेच कामी येईन तुमाले." मी त्याला झापले. मला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, अशी ताकीदही दिली.

काल मला अमरावतीला काम होते. नवी गाडी चिखलाने भरेल म्हणून मी एसटीने गेलो. तिच्या दोन्ही चाव्या माझ्या खिशात होत्या. मोबाइल घरीच राहिला. साडेचारला फाट्यावर उतरलो तर शेड रिकामी. पानठेल्यावरून बद्रुद्दीनला फोन लावला, तो बंद. मी घरी न जाता तसाच ऑटोने ठाण्यात आलो.

नंतर कळले ते असे. सकाळी साडेअकराच्या सुमारास दुबार पेरलेल्या सोयाबीनमध्ये निंदताना माझी पत्नी गोदाबाई हिच्या पायाला साप चावला. सोबतची मजूर सत्यभामा धावत फाट्यावर गेली व म्हणाली, "बद्रुभाऊ, बाईले पान लागलं! गुरुजी गावात नाई."

चोरायचीच तर नवी सोडून जुनी का नेली, असे साहेबांनी काल विचारले होते. त्यावर सांगतो की, नवी गाडी दिसायला सरस आहे. काच बटणाने खाली येते, पट्टा लावला नाही तर ती बोंबलते, सीटवरचे प्लास्टिक मी अजून काढलेले नाही. पण चावीशिवाय तिचे दारही उघडत नाही, आणि आमच्या काळ्या मातीत ती पोटावर बसते. बेडकीची काच हाताने वर दुमडावी लागते आणि चढावर ती रडते. पण बद्रुद्दीनने वायरी जोडून हँडल मारले, मागचे बाक काढून ठेवले, तिथे गोदाबाईला आडवे केले आणि शेताच्या चिखलवाटेने, पांदणीतून गाडी बाहेर काढली. दोनदा रुतली तेव्हा निंदणाऱ्या बायकांनी उचलून काढली, इतकी ती हलकी.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी गेला असता तर हाती काही लागले नसते. आपल्या शिपायांनी बद्रुद्दीनला दवाखान्याच्या फाटकात धरले, तेव्हा तो गोदाबाईजवळ बसलेल्या सत्यभामेसाठी चहा घेऊन येत होता. आज सकाळी गोदाबाई बोलली. म्हणाली, "बद्रुले कावून धरून नेलं?" मला लाज वाटते, आणि या माणसाचे उपकार मी जन्मात फेडू शकत नाही. त्याला आत्ताच सोडावे.

गाडी माझ्या संमतीशिवाय नेली का, असे विचारल्यावरून सांगतो की, होय. संमतीसाठी तो मला शोधत बसला असता तर तो अर्धा तास तिथेच गेला असता. त्याने विचारले नाही, हे फार बरे झाले.

हा जबाब मला व माझ्या विनंतीवरून बद्रुद्दीनलाही मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "गुरुजी, इतलं कायले लिवाले लावलं?" माझ्या सांगण्याप्रमाणे जबाब बरोबर लिहिला आहे. एकही शब्द कमी करू नये.