अर्धी रेस

माझ्यासमोर रेसचं नाव काढू नका. मी आणि कोपरीतला माझा मित्र सचिन, आम्ही भंगारातली गाडी घेऊन सहा तासांच्या हौशी रेसमध्ये उतरलेलो. वर्षभर दर रविवारी त्या गाडीखाली मीच आडवा असायचो. ठरलेलं, अर्धा वेळ तो चालवणार, अर्धा मी. माझी पाळी आली, मी हेल्मेट घालून हात करतोय, पण हा थांबेचना. थांबला तो इंजिन जाळूनच.

"सॉरी रे, एवढी मस्त पळत होती, उतरावंसंच वाटेना."

पुढच्या आठवड्यात नाक्यावर बॅनर लागला. गाडीला टेकलेला सचिन, वर 'कोपरीची शान'. मी फोन केला, "आणि मी कुठाय रे?"

"आहेस की! खाली बघ."

खाली होतो खरा. शुभेच्छुकांमध्ये.