तेरा जीबीचे सासरे

...आणि वर मलाच विचारतात, 'असू दे की रे तुझ्याकडे, खायला मागतंय का?' अहो, मागतंय! खायला मागतंय, पाय पसरायला मागतंय! कॉम्प्युटर माझा, ऐंशी जीबीचा, त्यातले अठ्ठ्याहत्तर जीबी आमच्या अख्ख्या उमेळे गावाने खाल्ले आणि मी... बसा हो, बसा, पण तिथे नको, तिथे बसलात की मला बाहेर पडायला वाट राहत नाही. बघितलात ना कोपरा? इकडे फ्रीज, तिकडे कपाट, मध्ये टेबल आणि टेबलामागे मी. एकदा आत शिरलो की दुसऱ्याने उठून वाट दिल्याशिवाय सुटका नाही. त्या रविवारी चर्चमधल्या सातच्या मिस्साहून आलो, चहा घेतला आणि साडेनऊला इथे शिरलो. तुम्हाला सांगतो, अजून नीट बाहेर पडलोय असं वाटत नाही मला!

दोष माझाच आहे, म्हणा. दोन हजार दोन साली हा कॉम्प्युटर घेतला आणि डोक्यात व्हिडिओचं वेड शिरलं. दिवसा ऑफिसात ड्राफ्ट्समन, संध्याकाळी गावाच्या लग्नांचं मिक्सिंग. फुकट! म्हणजे कुणी घरचं इंदेल, आमचं डुकराचं मटण, पाठवलं, कुणी केळ्यांचा घड पाठवला, एवढंच. लग्नाची कॅसेट घ्यायची, कॉम्प्युटरमध्ये चढवायची, नवरा-नवरीच्या भोवती हृदयं फिरवायची, हो, बदामाच्या आकाराची, लोकांना फार आवडतात, आणि सीडी करून द्यायची. मग कॉम्प्युटरमधलं पुसून टाकायचं. असा माझा विचार होता. माझा!

पण सीडीचं काय करतात हो लोक? तुम्ही म्हणाल, कपाटात ठेवत असतील. कपाटात? पास्कलकाकांच्या वाडीत जाऊन बघा. त्यांच्या मुलीचं, जीनाचं लग्न, तीन सीड्यांचा सेट, कव्हरवर फोटोबिटो... पेरूच्या झाडाला टांगलाय! दोऱ्याने! का, तर उन्हात चमकतात आणि पोपट पळतात. एकीवर मिस्सा, एकीवर रिसेप्शन, एकीवर ब्रास बँड, आणि खाली पेरू. मी म्हटलं, 'काका, हे काय?' तर म्हणे, 'अरे, ओरिजिनल तुझ्याकडे आहे ना? असू दे तिथेच. खायला मागतंय का?'

एकदा धीर करून गावातल्या स्टॅनीच्या साखरपुड्याची फाईल उडवली मी. गुपचूप. पंधरा दिवसांत स्टॅनीची आई दारात, 'फ्रेडरिक, जरा एक कॉपी काढ, गोव्याहून पाहुणे आलेत.' झालं! दोन वर्षं ती बाई चर्चमध्ये माझ्या बाकावर बसत नाही. मी बसलो की उठते. तेव्हापासून कानाला खडा, कुणाचंही काहीही पुसायचं नाही.

आता त्या शनिवारचं ऐका. आमचा शेजारी प्लासिड, बोटीवर असतो, नऊ महिने समुद्रात आणि तीन महिने घरी. तो सुट्टीवर आला होता, परत निघायच्या तयारीत कॅमेऱ्याची बॅग उघडली तर कप्प्यात एक कॅसेट सापडली. ही एवढीशी, काड्यापेटीएवढी. म्हणाला, 'फ्रेडी, ही मागच्या सुट्टीतल्या नाताळची. तुझे सासरे आहेत यात. त्यांना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि मी जेवायला गेलो. परत आलो तरी बोलतच होते! तासभर भरलीय बघ.'

माझे सासरे म्हणजे सेबॅस्टियन मास्तर, वसईत शाळेत होते, बेटीचे वडील. मे महिन्यात गेले. बेटी म्हणजे माझी बायको. नाही, आता तुम्ही असे चेहरे करू नका, मी मजेतच सांगतोय सगळं, पण हे मजेतलं नव्हतं. फोटो आहेत हो ढीगभर, पण आवाज? आवाज कुठेच नाही. मध्ये एकदा ती मला म्हणाली होती, 'पप्पांचा आवाज कसा होता ते मला हल्ली नीट आठवत नाही रे.' अशी भांडी घासता घासता म्हणाली, पाठमोरी.

तर ती कॅसेट तिने दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, 'उद्याच्या उद्या कॉम्प्युटरमध्ये घे.' उद्याच का? कारण प्लासिडची सुट्टी संपली होती! रविवारी चार वाजता त्याची गाडी विमानतळावर, कॅमेरा त्याच्याबरोबर, मग नऊ महिने बोंबला. आणि तो कॅमेरा टेप खातो. एकदा नीट चालवतो, दुसऱ्यांदा लावली की आत गुंडाळून टाकतो. म्हणजे आधी बघू, मग चढवू, असंही नाही! एकदाच लावायची, तीही चढवतानाच. मी म्हटलं, वसईत स्टुडिओ आहे, बुधवारपर्यंत करून देतो म्हणतोय. तर म्हणाली, 'पप्पांना मी स्टुडिओत ठेवून येणार नाही.' संपला विषय.

साडेनऊला बसलो, वायर जोडली, बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही! एक तासाच्या कॅसेटला तेरा जीबी लागतात आणि शिल्लक दोन. ऑफिसातल्या हर्षवर्धनला फोन केला, एव्हरशाईन कॉलनीत राहतो, कॉम्प्युटरमधलं सगळं त्याला कळतं. म्हणतो, 'फ्रेडरिकसाहेब, मी तुम्हाला दिलेल्या सीडीत एक सॉफ्टवेअर आहे, ते चालवा. कुणी किती जागा अडवलीय ते चित्रात दिसतं.'

चालवलं. तर पडद्यावर एक पिवळा गोळा! तोंड उघडतो, मिटतो, इकडून तिकडे जातो, पुन्हा तोंड उघडतो... दहा मिनिटं मी आणि बेटी त्या गोळ्याचं तोंड बघत बसलो. आणि मग फाटकन पडदा भरला. चौकोनच चौकोन! लाल, हिरवे, निळे, पिवळे. मोठी फाईल मोठा चौकोन, छोटी फाईल छोटा चौकोन. माऊसच्या बाणाचं टोक ठेवलं की खाली नाव येतं. हिरव्यावर ठेवलं, पास्कलकाकांची जीना. लालवर ठेवलं, ॲनी आंटीचा ज्युलियस. जांभळ्यात स्टॅनी, स्टॅनीच्या शेजारी स्टॅनीचं दुसरं रिसेप्शन... गाव पसरलं होतं हो समोर! आणि कडेला एक भलामोठा निळा, सगळ्यांत मोठा. तो आमचा. आमचं लग्न, अठ्ठ्याऐंशी सालचं, बरोब्बर तासाभराचं. जुन्या कॅसेटला बुरशी लागत होती म्हणून चढवून ठेवलेलं, कॅसेट तर नंतर फेकूनच दिली. लोकांची लग्नं मी दाबून दाबून बारीक केली, स्वतःचं करायला वेळ कुणाला होता? पण त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. माणसाने काही गोष्टींना हात लावू नये. मार खायचाय का?

म्हटलं, आधी गावाला विचारू. सरळ माणसासारखं विचारून पुसू. बेटीने निरोप धाडले आणि पहिले आले पास्कलकाका. आले, स्टूल ओढलं आणि बसले कुठे? बरोब्बर तिथे! वाट बंद! मी म्हटलं, 'काका, हे बघा, हा हिरवा चौकोन म्हणजे तुमची जीना. हा जरा काढू का?' काकांनी चष्मा लावला. पुढे वाकले. आता तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे वाड्या विकून विकून प्रत्येक माणूस बिल्डरचा नकाशा वाचायला शिकलाय. काका म्हणतात, 'हा माझा प्लॉट?' म्हटलं, प्लॉट नव्हे काका, फाईल. 'एवढासा? आणि हा शेजारी कोण, स्टॅनी? त्याला दोन? कडेला लागून? आणि मला आत, कोपऱ्यात?' म्हटलं, काका, तुमची सहा जीबी आहे, त्याची पाच पाच... 'ते काही नाही! माझ्या जीनाचं लग्न तीन दिवस चाललं होतं, चारशे पान उठलं होतं. माझा वाढव आधी!' अहो, मी कमी करायला बोलावलं, हा माणूस बिल्डरसारखा जादा एफएसआय मागतोय!

म्हटलं, निदान ब्रास बँड काढू का, चाळीस मिनिटं नुसते वाजवतायत. तर छातीला हात लावून म्हणे, 'तेच तर खरं लग्न! असू दे रे तुझ्याकडे, खायला मागतंय का?' आणि तिथेच बसून चहा प्यायले. साडेअकरा वाजले. मी आत. लघवीला लागली होती, सांगू कुणाला?

मग आल्या ॲनी आंटी. यांच्या ज्युलियसचं लग्न मोडलं, गावाला माहीत आहे. सून वेगळी झाली, ठाण्याला असते. मला वाटलं, ही तर सोपी. मोडलेलं लग्न कोण ठेवतं? हळूच म्हटलं, 'आंटी, आता याचा काही उपयोग नाही ना?' त्या बघतच राहिल्या लाल चौकोनाकडे. मग म्हणाल्या, 'फ्रेडरिक, केक कापताना तिने मला भरवला होता, आठवतं तुला? आणि म्हणाली होती, ममी, अजून एक घ्या. नंतर कधी ममी म्हटलं नाही तिने. एकदाच म्हटलं. ते यात आहे.' पास्कलकाकांनी तर कपसुद्धा खाली ठेवला. आंटीने पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, 'मी काही बघायला मागत नाही हो. पण असू दे तुझ्याकडे. खायला मागतंय का?' आता सांगा, दाबू मी बटण? आहे तुमच्यात हिंमत?

एक वाजला. सवा वाजला. प्लासिड खिडकीतून ओरडतोय, 'फ्रेडी, मला बॅग भरायचीय!' बेटी? नुसती फ्रीजला टेकून उभी, हातात ती काड्यापेटी. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! तेवढ्यात एक राखाडी चौकोन दिसला, नाव कुणाचंच नाही, कुठल्या लग्नाचा नाही. म्हटलं, देव पावला! हर्षवर्धनला फोन लावला, 'सापडला रे एक बेवारशी! उडवतो!' 'नाव काय आहे साहेब?' म्हटलं, विंडोज. 'अहो साहेब, नको! हात काढा! माऊसवरून हात काढा आधी! तो गेला की सगळ्यांची लग्नं गेली!' म्हणजे बघा, गावात एकच जण असा, ज्याचं कुणी नाही आणि ज्याच्यावर सगळं उभं आहे... त्यालाही हात लावायचा नाही!

दोन वाजायला दहा कमी. मग बेटी जेवण गरम करायला आत गेली. काका पेंगत होते, आंटी निघून गेल्या होत्या. आणि मी त्या निळ्याकडे बघितलं. सगळ्यांत मोठा. तेरा जीबी. कुणाला विचारायची गरज नाही, कुणी बाकावरून उठून जाणार नाही, कुणी वाढवून मागणार नाही... अख्ख्या उमेळ्यात पुसता येण्यासारखं लग्न एकच होतं, ते माझं! उघडून एकदा बघू म्हटलं, तर तेवढाही वेळ नाही. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? असं विचारतो ना तो. लग्नात फादरांनी पण विचारलं होतं, तेव्हा एवढा वेळ नव्हता लागला मला. दाबलं. निळा चौकोन गेला. पांढरं भगदाड पडलं पडद्यावर.

'झाली जागा!' म्हणून ओरडलो. बेटी धावत आली. कशी झाली, तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कॅसेट घातली. दोन वाजून पाच मिनिटं. पडद्यावर आधी खरखर, मग व्हरांडा, नाताळचा कंदील, आणि खुर्चीत सासरे. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. आणि ते खाकरले. वर्गात शिरताना खाकरायचे ना, तसेच. बेटीने माझा खांदा धरला, असा घट्ट की नखं रुतली. 'हाच,' म्हणाली, 'हाच आवाज.' पास्कलकाका जागे झाले, त्यांनी छातीवर क्रूस केला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, गेलं तर गेलं लग्न, सार्थक झालं त्याचं!

आणि सासरे बोलायला लागले.

'प्लासिड, कॅमेरा चालू आहे ना? तर मी काय सांगत होतो... आमच्या बेटीच्या लग्नाचं. मी नकोच म्हणत होतो. मुलगा वाईट नाही. फ्रेडरिक वाईट नाही. पण कामाचा नाही. काहीतरी घेऊन बसतो आणि उठत नाही.' अहो, मी काकांकडे बघतो, काका खिडकीतून आपल्या पेरूच्या झाडाकडे बघतात! 'तेव्हा वसईत बेटीला तीन स्थळं होती. पहिलं बेकरीवाल्याचं...' पहिल्या स्थळाला बावीस मिनिटं! बेकरी, बेकरीची भट्टी, मुलाची उंची! दुसरा बँकेत, त्याला अठरा! तिसरा कुवेतला, त्याच्या घराला किती खिडक्या ते मोजून सांगितलं! आणि मधूनमधून माझ्यावर... आवाजासकट, कलरमध्ये, तासभर. माझ्या लग्नाचा व्हिडिओ मी माझ्या हाताने पुसला, कशासाठी, तर ते लग्न कसं व्हायला नको होतं, हे कायमचं साठवून ठेवायला!

आणि थांबवता येत नाही हो! थांबवलं तर टेप गुंडाळणार. वाट बंद, काका पुढ्यात, बायको मागे. बसून ऐकलं मी सगळं. बेटी रडतेय, हसतेय, मान डोलावतेय... बँकवाल्याला तर जरा जास्तच डोलावली. शेवटी राहवलं नाही मला. म्हटलं, आत्ताच सांगून टाकू, अशी रडती-हसती आहे तोवर. हळूच मागे वळलो, तिचा हात धरला आणि म्हटलं, 'बेटी, ऐक... जागा करायला मी आपलं लग्न उडवलंय.'

पडद्यावरची नजर काढली नाही तिने. माझ्या हातावर हलकेच चापट मारली आणि म्हणाली, 'श्श! गप बस जरा. पप्पा तुझ्याबद्दलच बोलतायत ना!'