पाहुणीची ओंजळ

बायकोच्या दहाव्याचं सामान घेऊन मी कोल्हारच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी एक बाई भावाशी बोलत होती.

"पुण्याला शिकाया आलेली परदेशातली पोरं-पोरी काल खेडं बघाया आमच्याकडं आल्ती. मळ्यात हिंडली, पिठलं-भाकर जेवली."

"मग तोंड का पाडलंय, आक्का?"

"आमचा गडी जालिंदर, बौद्धवाड्यातला. त्यानं पानी मागितलं. मी वरनं वतलं, तो वंजळीनं प्याला. रोजच्यासारखंच."

"बरं."

"एका गोऱ्या पोरीनं ते बघितलं. तिला वाटलं, मान द्यायची आपली रीतच हाय. तिनं हातातला तांब्या खाली ठिवला आन् माझ्यापुढं वंजळ धरून बसली."

"तू काय केलं?"

"वतलं."

"आन् जालिंदर?"

"तो म्हनला, 'वैनी, त्यांच्या हातात तांब्या द्या. त्या पाव्हन्या हायेत.'"

"रागानं?"

"न्हाई रं. हसून. रातभर डोळा लागला न्हाई. सकाळी तो आला तवा मीच त्याच्यापुढं तांब्या धरला."

"घेतला?"

"न्हाई. म्हनला, 'पाव्हनं गेलं की आता, वैनी.' आन् खाली बसून वंजळ धरली."

"मग?"

"मग काय. वतलं."