परस्पर उत्तर

ताई : सरक तिकडे. दवाखान्याचा एवढा लांबलचक बाक आणि मधोमध बसलायस ठाण मांडून.

बारक्या : ताई! तू... तुला कुणी सांगितलं?

ताई : तुमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. "बाबांना झटका आला, आठवडा होत आला, तुला ठाऊक असेलच म्हणा." मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. काय सांगू त्यांना? पाठच्या भावाने कळवलं नाही म्हणून सांगू?

बारक्या : आज फोन करणारच होतो.

ताई : परवा मी केला होता की. मी विचारलं, बाबा कसे आहेत. काय म्हणालास?

बारक्या : ताई, हळू बोल.

ताई : "बरे आहेत" म्हणालास. ह्याच बाकावर बसून. मागे चाकाची खुर्ची करकरत होती, मला वाटलं ऑफिसात कुणी टेबल ओढतंय. हो बाजूला, आत जाऊ दे मला.

नर्स : ओ बाई, थांबा. अंग पुसणं चाललंय त्यांचं. झालं की हाक मारते. तुम्ही कोण पेशंटच्या?

ताई : मुलगी.

नर्स : मुलगी? हे तर म्हणाले, घरात आम्ही दोघंच.

ताई : खरंच आहे ते. दोघंच असतात. बोलतात का ते?

नर्स : नाही. उजवी बाजू गेलीय आणि वाचाही. ऐकू येतं, समजतं. वाचा परत येईल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. बसा, आलेच मी.

ताई : ऐकलंस? बोलणार नाहीत. म्हणजे आता मी काहीही विचारलं तरी...

बारक्या : पाणी आणू?

ताई : पाणी नको. मला का नाही सांगितलंस, ते सांग.

बारक्या : डोकं ठिकाणावर नव्हतं ग. कामावर मोठा घोळ झालाय. चौकशी लागलीय माझ्यावर.

ताई : तुझ्याकडून घोळ? चमचेसुद्धा एका रांगेत लावणारा माणूस तू.

बारक्या : एका गोदामातला औषधांचा माल नासला. थंड ठेवायची औषधं होती. थंडावा गेला आणि धोक्याची घंटा वाजलीच नाही.

ताई : तू त्या कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचांचं काम करतोस ना? घंटेशी तुझं काय?

बारक्या : घंटा वाजवणारं मशीन आमच्या कॉम्प्युटरच्या हॉलमध्ये आहे. गोदामातली गरमी किती, थंडी किती, ते आकडे आमच्याकडच्या एका मशीनवर येतात. ते पुढे घंटेच्या मशीनला पाठवतं. पाठवायच्या आधी त्याला विचारावं लागतं, अमुक पत्ता कुणाचा, तुझ्या कार्डाचा नंबर सांग.

ताई : कुणाला विचारायचं?

बारक्या : साधी रीत म्हणजे सगळ्यांना. मोठ्याने ओरडायचं. ज्याचा पत्ता असेल तो म्हणणार, मी. पण हॉलमध्ये हजारो मशिनं. सगळीच ओरडायला लागली तर कामाचं कोण ऐकणार? म्हणून मशिनांच्या प्रत्येक कपाटातला स्विच लक्षात ठेवतो, कोण कुठे बसलंय ते. स्विच आपसातही सांगून ठेवतात. मग कुणी विचारलं की त्याच्या दारातला स्विचच परस्पर उत्तर देतो. ओरडा पुढे जातच नाही.

ताई : आणि ज्याला विचारलं, त्याला?

बारक्या : त्याला पत्ताही नसतो, कुणी विचारत होतं म्हणून. त्याची झोपमोड नाही. सगळीकडे कसं शांत.

ताई : शहाणा आहे तुझा स्विच. मग घोळ कुठे झाला?

बारक्या : ते घंटेचं मशीन जुनं, घुमं. आपणहून तोंड उघडायचं नाही. जो बोलत नाही त्याला स्विच काही वेळाने विसरतो. हे मशीन सारखं विसरलं जायचं. आकडे अडायचे, मला बोलणी बसायची. शेवटी मी त्याची नोंद हाताने पक्की करून टाकली. कधी पुसलीच जाणार नाही अशी.

ताई : बरंच केलंस की.

बारक्या : मलाही तसंच वाटलं. मग एक दिवस ते मशीन आतल्या आत बंद पडलं. केबलपाशी दिवा मात्र हिरवा. मी समोरून जायचो, दिवा बघायचो, पुढे जायचो. विचारणारा विचारत होता, आणि त्याला उत्तर मिळत होतं, आहे, इथेच आहे, पाठव. आकडे जात राहिले. ते पोचले का, हे विचारायची पद्धतच नव्हती तिथे.

ताई : म्हणजे त्या बिचाऱ्या मशीनला कुणी विचारलंच नाही, जिवंत आहेस का म्हणून.

बारक्या : विचारलं ग. मी मधेच उत्तर देत होतो... म्हणजे स्विच. स्विच देत होता.

ताई : बारक्या.

बारक्या : काय?

ताई : इकडे बघ. मी दर रविवारी फोन करून तुला काय विचारायचे?

बारक्या : आता ते कशाला?

ताई : काय विचारायचे?

बारक्या : बाबांचा राग गेला का.

ताई : तू काय सांगायचास?

बारक्या : अजून आहे म्हणून.

ताई : त्यांना विचारून सांगायचास?

बारक्या : सुरुवातीला विचारलं होतं.

ताई : सुरुवातीला म्हणजे कधी?

बारक्या : आई गेली त्या वर्षी.

ताई : आणि त्यानंतर?

बारक्या : त्यानंतर... तेच सांगत गेलो.

ताई : इतकी वर्षं? मी फोन ठेवला की शिलाई मशीनवर डोकं टेकून रडायचे रे. म्हणायचे, काय हा माणूस, पोटच्या पोरीवर इतका राग. आणि त्यांनी? त्यांनी कधी माझं नाव काढलं?

बारक्या : दाढी करताना काढायचे. आरशात बघतच. "मोठी काय म्हणते? यायचं म्हणते का?" असं, दुसऱ्या कुणाचं विचारल्यासारखं.

ताई : तू काय सांगायचास?

बारक्या : कामात आहे. लग्नसराईचे कपडे शिवायला आलेत.

ताई : बारा महिने लग्नसराई? त्यांना पटायचं?

बारक्या : फेस पुसायचे आणि म्हणायचे, बरं.

ताई : का केलंस असं? मी काय वाकडं केलं होतं तुझं?

बारक्या : एकदा खराखुरा निरोप आणला होता ताई तुझ्याकडे. "सणावाराला तरी ये" म्हणाले होते. आठवतंय काय म्हणालीस? "त्यांना सांग, मोठी मेली." हे सांगू त्यांना? आईला दवाखान्यात न्यायला उशीर केला म्हणून तू चार लोकांत त्यांना बोललीस, ते अजून गिळत होते. त्यावर हे? मी नाही सांगितलं. तेव्हाच ठरवलं, इकडचं तिकडे करायचंच नाही. मग ना तू रडलीस माझ्यासमोर, ना ते जेवणावरून उठले. घरात शांतता होती.

ताई : शांतता गोदामातही होती की रे.

बारक्या : पण तू तसं म्हणालीसच ना.

ताई : रागात बोलले होते मी. दुसऱ्या दिवशी विचारलं असतंस तर दुसरं काही म्हणाले असते. माणूस रोज तेच म्हणतो का?

नर्स : या आता आत. फार वेळ नको. आणि रडारड नको, त्यांना त्रास होतो.

(आतली खोली. खिडकीजवळची खाट.)

नर्स : डाव्या हाताशी बसा. "हो" असेल तर हात दाबतात. एकेकच प्रश्न विचारा, आणि थांबा. घाई केली की गोंधळतात.

ताई : बाबा. मी आलेय. मोठी. डोळे उघडा ना... हां. किती वाळलात हो. नखं कुणी कापली नाहीत तुमची? बाबा, मी कामात नव्हते. कधीच नव्हते. बोलावलं असतंत तर... नाही, बोलावलंत तुम्ही. माझ्यापर्यंत आलं नाही.

नर्स : प्रश्न विचारा बाई. एवढं नाही झेपायचं त्यांना.

ताई : बाबा, आईच्या वेळी मी जे बोलले, त्याचा राग... गेला असेल तर हात दाबा.

नर्स : थांबा. वेळ लागतो.

ताई : नाही दाबत. हात गरम आहे, पण नाही दाबत. बारक्या, ते माझ्याकडे बघतच नाहीत. तुझ्याकडे बघतायत.

बारक्या : सवय झालीय त्यांना. तुझा विषय निघाला की माझ्याकडेच बघतात.

ताई : मग तिथे दारात काय उभा राहिलायस? वाट बघतायत ते. बोल काहीतरी.

बारक्या : माझ्याकडे नका बघू, बाबा. हिच्या मनातलं मला ठाऊक नाही. कधीच ठाऊक नव्हतं.