झेंड्याचा बांबू

जयराम गुरुजी : आई सकाळी गेली, आणि अजून घरातच?

परशुराम : घरातच आसा. माझ्या आवशीची तिरडी धरूक गावातलो एक माणूस येवक नाय. बाबली गावकारान दारोदार सांगल्यान, परश्याच्या अंगणात जो पाय ठेवीत तो पण वाळीत.

जयराम गुरुजी : त्या कोंबड्यावरून? अजून?

परशुराम : गळ्यात पंढरीची माळ घातलंय, म्हणान गावच्या राखणदार देवाक राखणीचो कोंबो देवक नाय. नारळ दितंय म्हटलंय, तो घेतल्यानी नाय. आता भातार कीड पडली ती माझ्यामुळे म्हणतत.

जयराम गुरुजी : हे बेकायदा आहे, परशुराम. कुणी कुठला देव कसा पुजावा, हा ज्याचा त्याचा हक्क आहे. घटना लागू होऊन सात वर्षं झाली!

परशुराम : माका ठावक आसा. सव्वीस जानेवारीक तुमीच वाचून दाखवलात. मी सगळ्यात फुडे बसलेलंय. घराकडे जावन आवशीक सांगलंय, आता माका कोण जबरदस्ती करूचो नाय. ती म्हणाली, गुरुजी सांगतत तर खरां असतला.

जयराम गुरुजी : मी मामलेदारांना अर्ज लिहून देतो. आत्ता लिहितो.

परशुराम : उत्तर कधी येतला?

जयराम गुरुजी : महिना. फार तर दोन.

परशुराम : तोपर्यंत आवशीक खंय ठेवू?

लीला : अहो, पंचा काढून ठेवलाय. जाताय ना?

जयराम गुरुजी : तू आत जा.

परशुराम : मी, मेवणो आनि माझी बायको तुळसा. ती पदर खोचून उभी आसा. चौथो खांदो व्हयो, गुरुजी.

जयराम गुरुजी : शाळा बाबलींच्या पडवीत भरते रे. उद्या कुलूप घातलं तर चाळीस मुलं कुठे बसवू? ही खोलीसुद्धा त्यांचीच.

लीला : म्हणजे वाचून दाखवण्यापुरतेच तुम्ही!

जयराम गुरुजी : लीला!

परशुराम : ऱ्हवांदे, वयनी. खांदो नको. बांबू तरी द्या. माझ्या बांबूच्या बेटाची वाट त्यांनी काटी घालून बंद केल्यानी. एक बांबू मांडवाचो काढलंय, दुसरो नाय. शाळेच्या झेंड्याचो बांबू माझ्याच बेटातलो.

जयराम गुरुजी : पडवीमागे आडवा ठेवलाय. घे. पण मळ्यातल्या वाटेने ने. रस्त्यावरून नको, कुणीतरी बघेल.

परशुराम : झेंड्याक दिलंय तेव्हा ढोल वाजवत ह्याच रस्त्यान आणलेलात, गुरुजी.