नुसतं बोंबलणारं द्या

— न्हाय, न्हाय, अविराजसाहेब, ती महागडी सीडी पुन्हा बॅगेत घाला. पुण्याहून इंदापूरला आलात, चहा घ्या, पण आमच्या दूध संघाला कसलं सॉफ्टवेअर पायजे ते माझ्याकडनं ऐका. एकतीस वर्षं हेडक्लार्क हाय मी हितं. सर्व्हर बंद पडला की बोंब मारली पायजे — संपलं. कुणी पाडला, किती वाजता पाडला, ह्या चौकशा फौजदारानं कराव्यात. सॉफ्टवेअरला काय करायच्यात? ते स्वस्तातलं, नुसतं बोंबलणारं द्या. चेअरमन दादासाहेबांनी निवड माझ्यावर सोडलीय, आणि मी केली — झाली निवड.

कुठं बघताय? — व्हय, रक्ताचेच डाग हायती ते. दोनदा चुना मारला भिंतीला. चुना आत जातो, डाग बाहेर येतो. गेल्या दसऱ्याचं हाय. म्हंजे सुरुवात आदल्या दिवशी, खंडेनवमीला. दुपारी पावणेचारला हा सर्व्हर बंद झाला आणि टेलिफोनच्या तारेवर जोडलेली आमची गावोगावची सगळी दूध संकलन केंद्रं मुकी झाली. नियम असा, की कंपुटरची पावती निघाल्याशिवाय केंद्रानं दूध घ्यायचं न्हाय — परिपत्रकावर सही माझीच. तितं नरसिंहपूरला लोक कॅन घेऊन उभे. म्हशी काय खंडेनवमी पाळत न्हाईत. ऑक्टोबरचं ऊन, तापलेले कॅन — दिवस मावळेतो सगळं दूध फुटलं. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी सीमोल्लंघन केलं ते थेट हितं. ट्रॅक्टर, ट्रॉलीत तीस माणसं, आणि नासक्या दुधाचे कॅन.

आमचा ऑपरेटर नागेश, पणदऱ्याचा, खंडेनवमीला घरी जाऊन नुकताच परतला होता. लोक सोनं द्यायला आले वाटून हसत उठला, साहेब. पहिलं कॅनचं झाकण त्याच्या तोंडावर बसलं — दोन दात त्या प्रिंटरमधनं काढले आमी. मग ट्रॅक्टरची साखळी. खाली पडला तर केस धरून उठवला, खुर्चीवर बसवला — आणि उजवा हात ह्या कीबोर्डवर पसरून वरनं चाळीस लिटरचा भरला कॅन आपटला. ऊस मोडल्यावाणी आवाज झाला. दोनदा आपटला. कीबोर्ड चालतोय अजून, एंटर तेवढं जड लागतं. नागेशची बोटं न्हाय चालत. एक डोळाबी गेला.

मी? मी ह्या कपाटामागं. मारायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं ना — मशीन कुणी बंद केलं? मी काय बोललो? एवढंच, की मशीन नागेशच्या ताब्यात असतं. खोटं हाय का? रजिस्टर काढून दाखवू? तसंच लिहिलंय.

तर नागेशचा थोरला भाऊ, बिरू. मेंढरं विकली त्याला दहा वर्षं झाली, पण झाडपाला तोडायची कुऱ्हाड काय विकली न्हाय. महिन्याभरात नरसिंहपूरच्या एकाचा गुडघा फोडला, दुसऱ्याचा जबडा. ज्यानं कॅन आपटला तो दवाखान्यात पडून हाय, वळखू येत न्हाय. आता म्हणतो, मारणाऱ्यांचं उरकलं; ज्यानं बंद केलं तो पायजे. रोज समोर कडुनिंबाखाली बसतो. माझ्याकडं बघतो, रामराम घालतो. मी बी घालतो. काय करू?

मशीन बंद कशाला करंल कुणी, म्हणता? अहो, सरळ गोष्ट हाय! नांगर, कोयता, वजनकाटा — पुजला की त्या दिवशी हात लावत न्हाईत, विसावा देतात. आणि चालू मशीनला कुंकू लावायचं? आत ते घरघरतंय, वरनं झेंडूची माळ — पटत न्हाय मनाला. म्हणून नागेशनंच शिकवल्याप्रमाणं, आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, शट डाऊन म्हणायचं. मशीन विचारतं, नक्की ना? म्हटलं, नक्की. नारळ फोडला आणि घरी जाऊन पुरणपोळी —

म्हंजे ज्यानं कुणी केलं त्यानं. मी आपलं सांगतोय, कसं झालं असंल.

असं बघू नका माझ्याकडं. म्हणूनच म्हणतो, नुसतं बोंबलणारं द्या. नावं लिहिणारं कशाला —

काय म्हणता? नवं न घेताबी? मशीन आपलं आपणच लिहून ठेवतं? पावणेचार वाजता, अमक्या नावानं... आतमधी? आजबी? आणि तुमी ते मघाशीच छापून घेतलंत... मी चहा सांगायला गेलो तवा?

उठा. बॅग उचला. कायबी नको आमाला, ना स्वस्त, ना महाग. तो छापलेला कागद हितंच ठेवा — ठेवा म्हणतो ना! साहेब, माझं रिटायरमेंट चार महिन्यांवर आलंय... बरं, न्या, पण मागल्या दारानं जावा. पुढं नको. बिरू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला थांबवून एकच गोष्ट विचारतो.

तिकडं न्हाय. साहेब, ते पुढलं दार हाय.

साहेब —

निदान दार तरी लावून घ्या.